फ्रिजवरची कॉलशीट

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: मी एका दैनंदिन मराठी मालिकेची कार्यकारी निर्माती आहे. वय 36. सेट घोडबंदर रोडवर आणि घर डोंबिवलीत. घरी यजमान, तिसरीत शिकणारी मुलगी आणि मधुमेह असलेल्या 71 वर्षांच्या सासूबाई आहेत. यजमान विमा कंपनीत नोकरी करतात आणि सांगितलेले सगळे काम करतात. सेटवर 80 माणसांचा दिवस मी रोज मार्गी लावते, पण घरी चार माणसांचा दिवस मला धड लावता येत नाही. शाळेच्या गटावर माझाच नंबर आहे; शूटिंगच्या वेळी फोन बंद असल्याने कार्यक्रमाची बदललेली वेळ मला उशिरा कळली आणि मुलीचा कार्यक्रम माझा चुकला. सासूबाईंची रक्ततपासणी तीन महिने लांबली. शेवटी मी घरासाठी सेटवरच्यासारखी कॉलशीट केली, प्रत्येकाला वेगळा रंग दिला आणि ती फ्रिजवर लावली. चौथ्या दिवशी यजमान म्हणाले, “हे घर आहे, सेट नाही.” मी कागद फाडून टाकला. जे काम मला उत्तम येते, ते घरात उपयोगी पडत नसेल, तर मी काय करावे? कामच सोडावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. मालिकांच्या निर्मितीत मी स्वतः 26 वर्षे काढली आहेत, त्यामुळे रात्री साडेदहाला घोडबंदर रोडवरून डोंबिवलीकडे निघालेल्या बाईच्या डोक्यात काय चाललेले असते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. उद्याच्या पहिल्या सीनचे संवाद अजून आलेले नसतात, एका कलाकाराने दुपारनंतरचीच वेळ दिलेली असते, आणि त्याच डोक्यात कुठेतरी चित्रकलेच्या वहीचे कव्हर, सासूबाईंच्या संपत आलेल्या गोळ्या आणि दुधाचे बिलही असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. तुमची पद्धत चुकलेली नाही आणि तुमच्या यजमानांचे म्हणणेही चुकलेले नाही. तुम्ही सेटवरून घरी कागद आणलात, पण तो कागद ज्या रीतीने तयार होतो, ती रीत मात्र सेटवरच राहिली.

कॉलशीट कशी बनते हे तुम्हाला ठाऊकच आहे, तरीही हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे सविस्तर लिहिते. उद्या कोणाला किती वाजता बोलावले आहे, कोणते सीन कोणत्या क्रमाने होणार आहेत, कोणत्या सीनला कोणती साडी, कोणती वस्तू आणि कोणती गाडी लागणार आहे, हे सारे ज्या एका कागदावर असते, ती कॉलशीट. ती आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर जाते. मात्र ती जाण्याआधी दिग्दर्शकाचा मुख्य साहाय्यक दिवसभर फोनला चिकटलेला असतो. एखाद्या कलाकाराचा रात्री गडकरी रंगायतनला नाटकाचा प्रयोग असतो आणि त्याला पाच वाजता सोडावे लागते. आर्टवाले सांगतात की देवघर दुपारपर्यंत उभे राहणार नाही. कपडेपटातून निरोप येतो की नऊवारीवरचे ब्लाउज शिंप्याने अजून दिलेले नाही. मग क्रम बदलतो, पुन्हा बदलतो, कोणाची तरी मनधरणी होते, एखादा सीन परवावर जातो, आणि सगळ्यांनी आपापल्या अडचणी सांगून झाल्यावर जे जमण्यासारखे उरते, ते संध्याकाळी कागदावर उतरते. सकाळी सातच्या कॉलला माणसे कुरकुरत का होईना पण हजर होतात, त्याचे कारण हेच आहे की त्या कागदात प्रत्येकाने आदल्या दिवशी मांडलेली अडचण कुठेतरी धरलेली असते.

तुमच्या फ्रिजवरचा कागद मात्र तुम्ही एकटीने केलात, आणि माझा अंदाज असा की रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर केलात. त्यासाठी यजमानांच्या तारखा कोणी घेतल्या होत्या? विमा कंपनीत मार्चअखेरीला कामाचा केवढा रेटा असतो, हे त्यात धरले होते का? सासूबाईंची तपासणी सकाळी आठला असे लिहिताना, उपाशीपोटी रक्त द्यायचे तर त्यांची सकाळची गोळी आणि नाश्ता कसा बसवायचा, हे त्यांना विचारले होते का? घरातल्या माणसांना एका सकाळी आपापल्या नावापुढे रंग आणि वेळ लिहिलेली दिसली. तुमच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु सेटवर एखाद्या साहाय्यकाने कोणालाही न विचारता अशी कॉलशीट काढली असती, तर दुपारपर्यंत त्याची काय अवस्था झाली असती, हे तुम्ही जाणता.

तेव्हा कागद पुन्हा करा, पण रविवारी रात्री जेवणानंतर, सगळे बसलेले असताना करा. वीस मिनिटे पुरतात. आधी सासूबाईंना विचारा की येत्या आठवड्यात तुम्हाला कुठे जायचे आहे, कोण येणार आहे, काय संपत आले आहे. मग मुलीला विचारा, मग यजमानांना, आणि तुमच्या तारखा सगळ्यांत शेवटी सांगा. लिहिण्याचे काम मुलीकडे द्या. तिसरीतली मुलगी आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, एखादा वार खालीवर होईल. तो दुरुस्त करायला पेन हातात घेऊ नका. रंग नकोत, एकच पेन पुरे. आणि तुमचा त्या आठवड्याचा पॅकअप, म्हणजे दिवसाचे शूटिंग आटोपणे, रात्री साडेनऊला होणार असे तुम्हाला आतूनच ठाऊक असेल, तर घरच्यांना बरे वाटावे म्हणून आठ असे सांगू नका. कलाकाराला ‘सहाला सोडतो’ असे सांगून नऊपर्यंत बसवून ठेवणाऱ्या युनिटवर पुढे कोणाचा विश्वास राहत नाही, हे आपण दोघींनी पाहिलेले आहे. आठ वर्षांची मुलगी त्याहून वेगळी नसते, फक्त ती तक्रार करायला कोणत्या संघटनेकडे जात नाही.

आता विभागप्रमुखांविषयी. तुम्ही कला दिग्दर्शकाला ‘देवघर हवे, नऊपर्यंत’ एवढेच सांगता. समई कुठून आणायची, फुले ताजी घ्यायची की कापडी, हे तो पाहतो आणि काही राहिले तर उत्तरही तोच देतो. तुम्ही दर अर्ध्या तासाने त्याला ‘समई घेतलीत ना?’ असे विचारू लागलात, तर आठवडाभरात समई लक्षात ठेवण्याचे काम तो तुमच्यावर टाकून मोकळा होईल, आणि त्यात त्याचा दोषही फारसा नसेल. तुम्ही पत्रात लिहिले आहे की यजमान ‘सांगितलेले सगळे काम करतात’. माझी पेन्सिल त्या ‘सांगितलेले’ या शब्दाखाली दोनदा फिरली. काम ते करतात, परंतु ते आठवण्याचे, वेळेवर सांगण्याचे, झाले की नाही हे पाहण्याचे आणि न झाल्यास बोलणी खाण्याचे काम तुमच्याकडेच आहे. सेटवर हे काम करण्यासाठी तुमच्या हाताखाली तीन साहाय्यक आहेत, आणि घरी तुम्ही ते एकट्या करता, तेही सीन चालू असताना मनातल्या मनात.

म्हणून शाळा हा विभाग पूर्णपणे यजमानांकडे द्या. पूर्णपणे म्हणजे फी, गणवेश, पालकसभा, रिक्षावाले काका, गृहपाठाची वही आणि शाळेचा तो व्हॉट्सअॅपचा गट, हे सगळे. गटावरचा तुमचा नंबर काढून त्यांचा घालायला वर्गशिक्षिकांना सांगा. ज्या माणसाचा फोन दिवसभर सुरू असतो, त्याच्या फोनवर शाळेचे निरोप यावेत, इतकी ही साधी गोष्ट आहे. पहिल्या महिन्यात काही ना काही चुकेल. पीटीच्या दिवशी मुलगी काळे बूट घालून जाईल, एखाद्या सहलीचे पैसे शेवटच्या दिवशी धावतपळत भरले जातील. तेव्हा तुम्ही गप्प राहायला हवे, आणि मला माहीत आहे की हे शूटिंगच्या बारा तासांपेक्षा अवघड आहे.

हे मी अनुभवावरून सांगते. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रात चित्रीकरणे थांबली, तेव्हा अनेक मराठी मालिकांची युनिटे गोव्याला गेली. त्यात आमचेही होते. एकदा आत शिरल्यावर बाहेर यायचे नाही, हॉटेल ते सेट आणि सेट ते हॉटेल, अशी व्यवस्था होती. मेच्या पहिल्या आठवड्यात गोव्यानेही परवानग्या मागे घेतल्या आणि आम्ही सामान बांधून परत आलो. घरी आल्यावर हातपाय धुऊन, गरम पाण्याने अंघोळ करून मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर साखरेचा डबा जागेवर नव्हता. मिसळणाचा डबा, पोहे, रवा, सगळेच हललेले होते. वरच्या फळीवरचे ओट्याजवळ आले होते आणि ओट्याजवळचे खाली गेले होते. मी एकेक डबा पूर्वीच्या जागी लावू लागले. यजमान दारात उभे होते. ते म्हणाले, “राहू दे ना. बाबांना तिथून घेता येतं. सकाळचा चहा आता तेच करतात.” बाबा म्हणजे माझे सासरे. माझ्या हातात पोह्यांचा डबा तसाच राहिला. माझ्या गैरहजेरीत या घराने स्वतःची एक सोय लावून घेतली होती, आणि मी परत आल्यापासून पहिल्या तासाभरातच ती मोडत होते. डबे आजही त्याच नव्या जागी आहेत. खरे सांगायचे तर मला अजूनही साखर पटकन सापडत नाही. ते चालते.

ज्या गोष्टीवर आपला सगळा धंदा उभा आहे, आणि जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, ती म्हणजे बँक. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, ही पैशांची बँक नव्हे. मालिकेचे जे भाग चित्रित आणि संकलित होऊन प्रक्षेपणासाठी तयार असतात, त्या साठ्याला आम्ही बँक म्हणतो. दूरदर्शनच्या 13 भागांच्या साप्ताहिक मालिकेवर मी काम शिकले, तेव्हा एका भागाला आठवडा मिळत असे. 1999 मध्ये अल्फा मराठी आणि 2000 मध्ये ईटीव्ही मराठी या वाहिन्या आल्या, दैनंदिन मालिकांचा काळ सुरू झाला, आणि आठवड्याला पाच-सहा भाग देण्याची वेळ आली. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण 22 मिनिटे भरावी लागतात, म्हणजे रोज जवळपास एक भाग चित्रित झाला तरच गाडी रुळावर राहते. नायिकेला ताप आला, पाऊस लागला, संवाद उशिरा आले, तरी रात्री ठरल्या वेळी मालिका दिसते, ती त्या साठ्यामुळे. बँक आठ-दहा भागांची असली की सेटवर माणसे एकमेकांशी नीट बोलतात. ती दोन भागांवर आली की तीच माणसे एकमेकांवर ओरडू लागतात, आणि सगळ्यांना वाटते की स्वभाव बिघडले.

19 मार्च 2020 रोजी चित्रीकरणे बंद झाली, तेव्हा कोणाकडे किती बँक होती हे थोड्याच दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला दिसले. नवे भाग संपले, जुने सुरू झाले, आणि नव्या भागांसाठी जुलै उजाडावा लागला. मी त्या महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःच्या घराच्या बँकेचा हिशेब मांडला, आणि तो मालिकेच्या बँकेपेक्षा वाईट निघाला.

तुमच्या घराची बँक मी पत्रावरून मोजू पाहिली. सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या आणि कधी द्यायच्या, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे का, हे पत्रात नाही; माझा तर्क असा की नाही. तेव्हा शनिवारी रात्री आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरायला सासूबाईंना आणि मुलीला बसवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो यजमानांच्या फोनमध्ये ठेवा, आणि दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या मागवा. घराची एक किल्ली शेजारी द्या. गणवेशाचा तिसरा जोड शिवून घ्या. पैशांच्या बाबतीत तर आपल्या क्षेत्रातल्या माणसाला बँकेवाचून गत्यंतरच नाही. काम केल्यावर मोबदला 90 दिवसांनी हाती येतो, आणि मालिका अचानक बंद झाली तर पुढची मिळेपर्यंत किती महिने जातील हे कोणी सांगू शकत नाही. घरखर्चाचे किमान तीन ते चार महिन्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय तुम्ही ‘या रविवारी मी येणार नाही’ हे वाक्य निर्मात्यासमोर ताठ मानेने उच्चारू शकणार नाही. घरातील कटकटींचे मूळ कित्येकदा इथे असते आणि आपण ते स्वभावांत शोधत बसतो.

मुलीविषयी मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या मालिकेत बालकलाकार असेल, निदान कधीतरी असेलच. बालकामगारविषयक कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये त्याचे नियम आले. त्यांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि मुलाच्या उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावावर मुदतठेवीत ठेवावा लागतो. हे नियम प्रत्येक सेटवर मनापासून पाळले जातात असे मी म्हणणार नाही, पण जिथे पाळले जातात तिथे मी एक सुंदर गोष्ट पाहिली आहे. त्या दिवशीची सारी कॉलशीट त्या लहान मुलाभोवती रचली जाते. मुलाचे सीन सकाळी आधी उरकतात, मोठमोठे कलाकार आपले क्लोजअप दुपारनंतर देतात, एरवी स्वतःच्या वेळेवरून भांडणारा माणूसही ‘आधी पोराचं होऊ द्या’ म्हणून खुर्चीत वाट पाहत बसतो. आणि यात कोणाला आपला अपमान झाला असे वाटत नाही.

तुमच्या घराच्या दिवसात मुलीचा सीन कितव्या क्रमांकावर आहे? पत्रावरून दिसते ते असे की तो शेवटी आहे, तुम्ही आल्यावर, म्हणजे रात्री अकराच्या सुमारास, जेव्हा ती पेंगत असते आणि तुम्हीही थकून गेलेल्या असता. तो उचलून सकाळी पहिला ठेवा. तुमची गाडी साडेसातला निघत असेल तर पावणेसात ते सव्वासात ही वेळ तिची. वेणी घालताना, दूध पिताना, दप्तर भरताना तुम्ही दोघी, आणि त्या अर्ध्या तासात फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. डबा त्या वेळात दुसरे कोणी भरेल. रात्री तुमच्यासाठी जागे राहण्याचे ओझे तिच्यावरून काढून घ्या आणि तिला साडेनऊला झोपू द्या. तुम्हाला रात्री झोपलेली मुलगी पाहून वाईट वाटेल. तरीही तिची झोप तुमच्या त्या वाईट वाटण्यापेक्षा महत्त्वाची आहे, असे मी स्पष्टच सांगते.

माझ्या हातून जे राहिले, तेही सांगते. कंटिन्युइटीचे, म्हणजे एकाच सीनच्या वेगवेगळ्या शॉटमधले तपशील जुळतात की नाही हे पाहण्याचे, काम मी सात वर्षे केले. कप उजव्या हातात होता की डाव्या, पदर कोणत्या खांद्यावर, दरवाजा किती उघडा, घड्याळात किती वाजले होते, हे सारे मी वहीत लिहीत असे आणि शंका आली की फोटो काढून पाहत असे. एका सीनमध्ये सासऱ्यांचे काम करणाऱ्या ज्येष्ठ कलाकाराने मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, कप उजव्या हातात धरला आणि क्लोजअपमध्ये डाव्या हातात घेतला. मी सगळ्या युनिटसमोर शॉट थांबवला. सर्वांनी माझ्या नजरेचे कौतुक केले. त्याच आठवड्यात रविवारी घरी चहा देताना माझ्या ध्यानात आले की माझे स्वतःचे सासरे कप डाव्या हाताने घेत आहेत. मी विचारले, तर म्हणाले, “झाले की तीन आठवडे. उजवा खांदा वर जात नाही.” खांदा आखडला होता. त्यांना मधुमेह होता, आणि मधुमेह असलेल्यांचा खांदा असा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. शर्ट घालायला त्यांना रोज सकाळी दहा मिनिटे लागत होती, आणि बहुतेक दिवशी मी त्याच वेळी त्यांच्यासमोरून घाईघाईने बाहेर पडत होते. ते खांद्याविषयी बोलले नाहीत, कारण सून दमून येते, तिला आणखी काय सांगायचे, असे त्यांना वाटले.

तुमच्या सासूबाईंची तपासणी तीन महिने लांबली हे वाचून मला तो कप आठवला. त्यांना मधुमेह आहे, तेव्हा रक्ततपासणीबरोबर पावलेही पाहून घ्या, डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा होऊ द्या. आणि आठवड्यातून एकदा, कोणतेही काम काढून नव्हे, नुसत्या त्यांच्याजवळ बसा. त्या कशावर बसतात, उठताना कुठे हात टेकतात, भाजी निवडताना ताट किती जवळ धरतात, हे पाहा. तुमची नजर या कामात तयार झालेली आहे. ती घरात शिरताना चपलांबरोबर दाराबाहेर राहू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

सेटवरच्या काही गोष्टी मात्र खरोखरच घरी आणू नयेत, आणि यजमानांचा राग मला वाटते त्यांच्याशी निगडित असावा. तो ‘चला, चला, चला’चा आवाज आपल्या नकळत घरात येतो. मुलीने ‘सॉरी’ म्हटले तर ‘नीट म्हण’ असे म्हणून तिच्याकडून ते पुन्हा वदवून घेण्याची सवय येते. दर गुरुवारी टीआरपी पाहून आठवडा चांगला की वाईट हे ठरवण्याची सवय तर फार खोलवर जाते, आणि मग घरातल्या प्रत्येक संध्याकाळीला आपण मनात गुण देऊ लागतो. काही संध्याकाळी नुसत्या जाव्यात. चौघे टीव्हीसमोर बसली आहेत, कोणी काही विशेष बोलत नाही, भुईमुगाच्या शेंगांची टरफले वर्तमानपत्रावर पडत आहेत. अशा संध्याकाळी कोणतेही काम मार्गी लागत नाही, आणि मार्गी लावायचे काही नसतेही.

काम सोडावे का, या प्रश्नावर माझे मत असे आहे की आज नाही. तुम्ही थकलेल्या आहात, आणि बँक दोन भागांवर असताना कथानक बदलण्याचा निर्णय कोणी घेत नाही. पण एक गोष्ट मी दडपून ठेवणार नाही. तुमच्या अडचणीचा मोठा भाग तुमच्या घरात नाहीच. बारा-तेरा तासांची शिफ्ट, त्यावर प्रवासाचे दोन-तीन तास आणि आठवड्याच्या सुट्टीचा भरवसा नाही, असे आयुष्य कोणत्याही कागदाने नीट बसवता येणार नाही, मग तो कितीही विचारपूर्वक केलेला असो. यात दोष आपल्या क्षेत्राच्या चालीचा आहे, आणि तो आपण बायकांनी वर्षानुवर्षे घरी नेऊन स्वतःच्या नावावर लिहिला. निर्मिती संस्थेकडे दुसऱ्या कार्यकारी निर्मातीची मागणी करा. दोघींनी आठवडा वाटून घेतला, एक सेट पाहते आणि एक संकलन व वाहिनीशी चालणारा व्यवहार पाहते, अशी व्यवस्था मी तीन मालिकांत चालवली आहे, आणि खर्च वाढला त्यापेक्षा गोंधळ जास्त कमी झाला. ही मागणी लेखी करा आणि सोबत मागच्या दोन महिन्यांचे तुमचे प्रत्यक्ष कामाचे तास लिहा. तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते. नकार आला तर ही मालिका संपेपर्यंत थांबा, मालिका संपतेच. तिच्यानंतर लगेच दुसरी न घेता दोन महिने घरी राहा, आणि मग ठरवा.

आता लगेचच्या गोष्टीकडे वळते, कारण तुमचे पत्र गणपतीच्या दिवसांत आले आहे आणि दिवाळी दूर नाही. दिवाळीचे चार दिवस सेट बंद ठेवायचे असतील, तर तेवढे भाग आधीच्या दोन-तीन आठवड्यांत जास्तीचे चित्रित करून ठेवावे लागतात, म्हणजे त्या आठवड्यांत तुम्ही घरी एरवीपेक्षा उशिरा पोहोचणार आणि बहुधा दोन रविवारही जाणार. हे तुम्हाला आजच माहीत आहे. घरी ते कोणाला माहीत आहे का? दरवर्षी त्या दिवसांत घरी फराळ, साफसफाई आणि खरेदीवरून भांडणे होतात आणि दिवाळी आली की तुम्ही आजारी पडता, असा माझा तर्क आहे, कारण माझे तसेच होत असे. येत्या रविवारी पहिली कॉलशीट त्याच तीन आठवड्यांची करा. चकल्या विकत आणायच्या असे ठरले तर तसे लिहा. करंज्या सासूबाईंना घरच्याच हव्या असतील, तर त्या कोणत्या दिवशी आणि कोणाच्या मदतीने करायच्या, हे त्यांनाच विचारून लिहा. आकाशकंदील कोणी करायचा, ते मुलीने लिहावे. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम तुम्ही आत्तापासूनच दुपारी एकचा मागून ठेवा. माहेरून परतताना रात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला उशिरापर्यंत तुमच्या कुशीत झोपता येईल.